अष्टमुडीवर पहाटेची कयाक सफर (मनरो बेट, कोल्लम): कधी, कशी, कोणासोबत?

आर्द्रा
जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात केरळ ठरतंय. अलेप्पीच्या हाउसबोटी टाळून कोल्लमजवळच्या मनरो बेटावर दोन रात्री राहायचा विचार आहे. तिथे पहाटे गाइडबरोबर कयाकने कालव्यांतून आणि तिवरांतून फिरवतात, सूर्योदय मोकळ्या पाण्यावर दाखवतात आणि साडेआठपर्यंत परत आणतात, एवढी माहिती मिळाली आहे.

आम्ही पाच जण आहोत. आम्ही दोघं, ९ वर्षांचा मुलगा, आणि सत्तरीतले सासू-सासरे. पोहणं फक्त नवऱ्याला येतं. कयाक कोणीच चालवलेली नाही.

पहाटेच जायला हवं, की आठ वाजता किंवा संध्याकाळी गेलं तरी तेवढंच? मुलाला न्यावं का? सासू-सासऱ्यांचं काय करावं? आणि पैसे देण्याआधी गाइडला काय काय विचारावं? फोटोंपेक्षा ज्यांना त्या पाण्याची माहिती आहे त्यांनी लिहावं, ही विनंती.

पाणकोळी
पहाटेच जा. कारण सूर्य नाही, वारा आहे.

किनाऱ्याजवळच्या या पाण्यावर रात्रभर आणि पहाटे जमिनीकडून अगदी मंद वारा असतो किंवा नसतोच. जमीन तापली की साधारण दहा-अकराच्या सुमारास समुद्राकडून वारा सुरू होतो आणि दुपारभर वाढत जातो. अष्टमुडी सुमारे ६१ चौ. किमीचं पाणी आहे. मोकळ्या भागात हा वारा लागला की छोट्या, जवळजवळ उभ्या लाटा उठतात आणि नवशिक्याची कयाक सारखी एका बाजूला वळायला लागते. हात भरून येतात ते अंतरामुळे नाही, सरळ राहण्याच्या खटपटीमुळे. संध्याकाळच्या सफरीत सुरुवातीलाच हा वारा अंगावर असतो.

वेळा लिहून ठेवा. जानेवारीअखेर कोल्लमला सूर्योदय पावणेसातच्या आसपास होतो. मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी. इतक्या दक्षिणेला झुंजूमुंजू फार रेंगाळत नाही, वीस-बावीस मिनिटांत अंधाराचा लख्ख उजेड होतो. त्यामुळे साडेपाचला काठावर, अर्धा तास जॅकेट आणि वल्ह्याची ओळख, सहाला पाण्यात, असा हिशेब हवा. 'साडेसहाला या' म्हणणारा गाइड सूर्योदय कालव्यातच, नारळांच्या मागे दाखवणार. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाणाऱ्यांनी हे सगळं अर्धा तास अलीकडे ओढावं, तेव्हा सूर्य सव्वासहालाच वर येतो.

निवांत७
वाचतोय. वाचनखूण साठवली.

भरती_ओहोटी
पाणकोळींच्या वाऱ्यात मी पाण्याची भर घालतो.

कोकणातल्या माणसाला भरती म्हटलं की मुंबईचं चार-पाच मीटरचं उधाण आठवतं. कोल्लमला तसं काही नाही. उधाणालासुद्धा चढ-उतार मीटरभराच्या आतबाहेर, आणि नीण्डकऱ्याच्या मुखापासून (जिथे अष्टमुडी समुद्राला मिळते) आत बेटापर्यंत येताना तो आणखी कमी होतो. मग फरक कशाला पडतो? तर कालव्यांवरच्या पायपुलांना. ते इतके ठेंगणे आहेत की एक वीतभर पाणी चढलं तरी खालून जाणं बदलतं. भर भरतीला काही पुलांखालून जाताच येत नाही आणि गाइड वेगळी वाट धरतो. उलट ओहोटीला तिवरांची मुळं वर येतात, उथळ कालव्यात कयाकचा तळ घासतो.

पुलाखालून जाताना वल्हं आडवं ठेवू नका, कयाकच्या लांबीत मांडीवर ठेवा. पुढे वाका, मागे रेलू नका, म्हणजे समोरचं दिसतं आणि तोंड सांभाळलं जातं. आणि हाताची बोटं कडेवरून आत घ्या. कयाक आणि पुलाचा दगड यांच्यामध्ये बोटं सापडणं ही तिथली सगळ्यात टाळण्याजोगी इजा आहे.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग (सगळ्यात कमी चढ-उतार), हे कॅलेंडरवर पाहून ठेवा. भरतीचं वेळापत्रक नीण्डकऱ्याचं मिळतं, पण आतल्या कालव्यांत पाणी त्याच्यापेक्षा उशिरा चढतं. किती उशिरा, ते गाइडला तोंडपाठ असायला हवं. 'उद्या सहाला पाणी चढतं असेल की उतरतं?' हा प्रश्न विचारा. उत्तर लगेच आलं तर माणूस रोज पाण्यात असतो असं समजा.

मीठभाकर
सासू-सासऱ्यांसाठी: कयाक नकोच. मनरोला बांबूच्या लांब काठीने ढकलत नेणारी लाकडी होडी मिळते, तिथे तिला वळ्ळम म्हणतात. त्याच कालव्यांतून जाते, खुर्ची किंवा पाट टाकून बसता येतं, गुडघे दुमडावे लागत नाहीत. कयाकमध्ये बसणं सोपं असतं, दोन तासांनी त्यातून उठणं अवघड. पाय लांब केलेले, कंबर सरळ, आणि शेवटी गुडघ्यावर भार देऊन चिखलाच्या काठावर चढायचं. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्याला ते झेपत नाही. दोन्ही होड्या एकाच वेळी निघतील असं आदल्या दिवशीच ठरवा, म्हणजे मोकळ्या पाण्यावर सगळे एकत्र असाल.

खेकडा_मालवणी
लाइफ जॅकेटचा उगाच बाऊ होतो असं माझं स्पष्ट मत आहे. त्या कालव्यांत पाणी कमरेएवढं. पडलं तर उभं राहायचं.

पाणकोळी
@खेकडा_मालवणी, इथे मी ठामपणे असहमत आहे. तळ वाळूचा नाही, गाळाचा आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलात की पाय पोटरीपर्यंत रुततो. एक पाय ओढायला दुसऱ्यावर भार टाकता, तो आणखी खोल जातो. न पोहणारा माणूस तिथेच घाबरतो आणि पुढे तोंडावर पडतो. शिवाय खांबांना आणि दगडांना कालवं (शिंपले) चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी लागते. म्हणून पडलं तर उभं राहायचं नाही. पाठीवर तरंगायचं आणि कयाक धरायची. त्यासाठी जॅकेट हवं.

आणि सूर्योदयाला तुम्ही कालव्यात नसताच, मोकळ्या पाण्यावर असता. केरळातच तानूरला मे २०२३ मध्ये बोट उलटून २२ माणसं गेली. ती मोटरबोट होती आणि कारणांत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती हे खरं, पण जॅकेटं अंगावर नसणं हेही त्यांतच होतं. केरळच्या पाण्यावर हा विषय सैल सोडायचा नाही.

खेकडा_मालवणी
गाळाचा मुद्दा मान्य. आमच्याकडे कर्लीच्या खाडीत बऱ्याच ठिकाणी पायाखाली वाळू लागते, त्या अंदाजाने लिहिलं. जॅकेट घालावं, दुरुस्ती करतो.

तिवरांकाठी
जॅकेटबद्दल बोलणं निघालंच आहे तर ते कसं तपासायचं ते लिहिते.

कयाकसाठी साधारणपणे आखूड, हातांना मोकळी अशी जॅकेटं देतात. मोठ्या माणसासाठी त्यांची तरंगवण्याची ताकद किमान ५० न्यूटन असते. ही शुद्धीवरच्या माणसाला तरंगत ठेवतात, पण बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवत नाहीत. न पोहणाऱ्यांनी गळ्यामागे कॉलर असलेलं, १०० न्यूटनचं मागावं. थोडं जाड असतं, वल्हवायला किंचित अडतं, चालेल.

घालायची पद्धत: आधी चेन लावायची, मग कमरेचा पट्टा आवळायचा, शेवटी खांद्याचे पट्टे. मग दुसऱ्याने खांद्यांना धरून जॅकेट जोरात वर ओढायचं. कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. ९ वर्षांच्या मुलासाठी मोठ्यांचं लहान माप अजिबात चालणार नाही. मुलांचं जॅकेट वजनावर ठरतं आणि त्याला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. गाइडला आधीच मुलाचं वजन कळवा आणि पायपट्ट्याचं जॅकेट आहे का, त्याचा फोटो मागवा. नसेल तर स्वतःचं न्या, किंवा मुलाला आजी-आजोबांबरोबर वळ्ळममध्ये बसवा. तिथेही जॅकेट घालूनच.

चकोर
कयाक कुठली असते तिथे? आत पाय घालून बसायची, की वरून उघडी?

तिवरांकाठी
@चकोर, वरून उघडी, दोन माणसांची, प्लास्टिकची. साधारण पावणेचार मीटर लांब, वजन तीस-पस्तीस किलो. उलटली तरी त्यात अडकायला होत नाही, म्हणून नवशिक्यांना हीच बरी.

तिच्या बैठकीत आरपार भोकं असतात. वरून आलेलं पाणी त्यांतून खाली जातं. दोन वजनदार माणसं बसली की उलट खालून थोडं पाणी वर येतं आणि बूड ओलं होतं. याला गळती समजून घाबरू नका. खरी गळती वेगळी असते. मागच्या टोकाला एक बूच असतं, ते सैल राहिलं तर पाणी पोकळ पोटात शिरतं आणि वरून काहीच दिसत नाही. खूण ही: मागचं टोक हळूहळू खाली बसायला लागतं, कयाक जड होते, वळवली की आतून पाणी एका बाजूला धावल्याचा आवाज येतो. लगेच गाइडला हाक मारा आणि काठ गाठा. निघण्याआधी ते बूच स्वतःच्या हाताने पिळून पाहा, दोन सेकंदांचं काम आहे.

डावखुरा
वल्हवण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

वल्हं डोक्यावर आडवं धरा. कोपर काटकोनात आले की ती तुमची पकड. पात्याची पोकळ बाजू तुमच्याकडे. पात्याचा आकार तिरपा असतो, त्याची लांब कड वर. बरेच जण वल्हं उलटं धरून दोन तास काढतात आणि मनगट धरतं. मूठ आवळू नका, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात फोड येतो तो आवळल्यामुळेच. पातं पायांच्या जवळ पाण्यात घाला, कमरेपाशी आलं की बाहेर काढा. त्याच्या मागे ओढण्यात फक्त पाणी उचललं जातं आणि कयाक वळते. हाताने ओढायचं नाही, खांदे फिरवायचे.

दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे. पुढे जड माणूस बसला की नाक पाण्यात घुसतं आणि ती सरळ जात नाही. ताल पुढच्याचा, दिशा मागच्याची. मागच्याने पुढच्याकडे बघून त्याच वेळी त्याच बाजूला वल्हं टाकायचं, नाहीतर पाती एकमेकांवर आपटतात. नवरा-बायकोंनी कोण पुढे हे काठावरच ठरवून घ्या, पाण्यात त्यावर चर्चा नको :)

डावीकडे वळायचं तर उजवीकडे लांब, अर्धगोल फटका. थांबायचं तर दोन्ही बाजूंना आळीपाळीने उलटे, छोटे फटके. ही दोन कामं काठाजवळच्या पाण्यात दहा मिनिटं करून घेतली की पुढचं निभावतं.

आर्द्रा
खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. उलटण्याची शक्यता कितपत असते? आणि उलटलीच तर नेमकं काय करायचं?

पाणकोळी
वाऱ्याने किंवा लाटेने सहसा नाही. उलटते ती फांद्यांमुळे. तिवरांच्या कमानीखालून जाताना कयाक काठाला लागते, माणूस घाबरून फांदी धरतो. अंग फांदीबरोबर थांबतं, कयाक खालून पुढे जाते, आणि माणूस पाण्यात. फांदी धरायची नाही. वल्ह्याच्या पात्याने काठाला हलकेच ढकलायचं. फांदी न धरण्याचं आणखी एक कारण म्हणजे पानं शिवून घरटं करणारे तांबडे मुंगळे, कोकणातले हुमले. एक फांदी हलली की अख्खी पलटण मानेवर.

दुसरं कारण मोटरबोटीची लाट. ती आडवी घेऊ नका, नाक तिच्याकडे वळवा आणि वल्हं थांबवू नका. पातं पाण्यात असेल तर तोल राहतो.

उलटली तर: कयाक सोडायची नाही, काठ कितीही जवळ दिसला तरी. वल्हंही धरून ठेवा. गाइड येऊन त्याची कयाक बाजूला लावतो आणि तुमची सरळ करतो. मग एकाने पलीकडून कड धरायची, दुसऱ्याने अलीकडून चढायचं. दोन्ही हात आत, पाय मागे आडवे करून जोरात मारायचे आणि पोट कयाकवर घ्यायचं. मग कूस वळून बूड बैठकीत, शेवटी पाय. पोट, बूड, पाय. आधी गुडघा टाकायला जाल तर ती परत तुमच्या अंगावर येईल. गाइडला हे काठाजवळ एकदा करून दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर दुसरा बघा.

भरती_ओहोटी
गाइडमागे किती कयाक, हेही विचारा. माझ्या मते अंधारात नवशिक्यांच्या चार, फार तर पाच. त्यापुढे रांग इतकी लांबते की कालव्याच्या वळणावर शेवटची कयाक दिसत नाही. मोठा गट असेल तर शेपटाला दुसरा जाणता माणूस हवाच.

चकोर
अंधारात प्रत्येकाने डोक्याला टॉर्च लावावा, म्हणजे चुकामूक होणार नाही.

तिवरांकाठी
डोक्याला नको. समोरच्याने मागे वळून पाहिलं की तुमच्या डोळ्यांत थेट झोत, आणि अंधाराला सरावलेली नजर परत यायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणजे तुमची सगळी पहाट. कपाळावर उजेड असला की पाण्यावरचे डास आणि किडे तोंडावर येतात ते वेगळंच.

चकोर
पण मग मोटरबोटीवाल्याला आपण दिसणार कसे? पहाटे मासेमारीच्या होड्या परततात ना?

भरती_ओहोटी
चकोर यांची शंका बरोबर आहे. सागरी नियमसुद्धा हेच सांगतो की वल्ह्याच्या होडीने पांढरा दिवा हाताशी ठेवावा आणि टक्कर टाळण्याइतका आधी दाखवावा. मार्ग असा: गाइडकडे जोरदार पांढरा टॉर्च, आणि प्रत्येक कयाकच्या मागच्या टोकाला छोटा, मंद, न लुकलुकणारा पांढरा दिवा. जॅकेटला शिट्टी. कालव्यात दिवे पुरतात, मोकळ्या पाण्यावर सगळ्यांनी गाइडच्या वीस-पंचवीस मीटरच्या आत राहायचं.

होड्यांपेक्षाही जाळ्यांवर लक्ष ठेवा. खांबांना बांधलेल्या दोऱ्या पाण्याच्या पातळीवर किंवा मानेच्या उंचीवर असतात आणि अंधारात दिसत नाहीत. चिनी जाळ्यांच्या खालून जायचं नाही. कोणी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकत उभा असेल तर त्याच्या मागून वळसा घ्या. आपली सहल असते, त्याचं पोट असतं.

मीठभाकर
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. ते कालवे म्हणजे लोकांच्या घरांची अंगणं आहेत. सहा वाजता कोणी दात घासत असतं, कोणी भांडी. तिथे मोठ्याने बोलणं, गाणी लावणं, घरात कॅमेरा रोखणं, हे कृपया करू नका.

बेटाची सध्याची परिस्थितीही माहीत असलेली बरी. कल्लडा नदी जिथे अष्टमुडीत उतरते तिथला हा गाळाचा प्रदेश आहे. नदी दर पुराला नवा गाळ आणायची, त्यावर जमीन टिकायची. त्याच नदीवरच्या तेन्मलाच्या धरणाने तो गाळ अडला. २००४ च्या त्सुनामीनंतर जमीन आणखी खचली असं तिथले लोक सांगतात. कारणांबद्दल मतभेद आहेत, पण भरतीचं खारं पाणी घरांत शिरतं, जोती आणि भिंती खराब होतात, नारळ मरतात, आणि कित्येक कुटुंबं बेट सोडून गेली, हे डोळ्यांना दिसतं. मोटरबोटीच्या लाटांनी मातीचे काठ ढासळतात. कयाकने आणि काठीच्या होडीने ढासळत नाहीत. म्हणून हीच दोन वाहनं निवडा, आणि गाइड बेटावरचाच घ्या.

निवांत७
अवांतर: मनरो म्हणजे कर्नल जॉन मनरो, त्रावणकोर संस्थानातला ब्रिटिश रेसिडेंट (इंग्रजांचा प्रतिनिधी) आणि काही काळ दिवाणही. आणि ८ जुलै १९८८ ला आयलंड एक्सप्रेस अष्टमुडीत कोसळली तो पेरुमणचा पूल याच रेल्वेमार्गावर आहे. १०५ माणसं गेली होती.

खेकडा_मालवणी
अवांतरात अवांतर: अष्टमुडीच्या तिसऱ्या (शिंपल्या) खाल्ल्याशिवाय येऊ नका. त्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय एमएससी प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच. आकाराची मर्यादा पाळून काढतात. अष्टमुडी २००२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे.

डावखुरा
पोहोचायचं कसं ते राहिलं. मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेने थेट कोल्लमला जाते, दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर. विमान असेल तर तिरुवनंतपुरम, तिथून कोल्लम साधारण ७० किमी. मनरोतुरुत्त नावाचं छोटं स्टेशन बेटाजवळच आहे, पण तिथे मुख्यतः पॅसेंजर आणि मेमू (जवळच्या पल्ल्याच्या लोकलसारख्या गाड्या) थांबतात. रस्त्याने कोल्लमहून पंचवीसेक किमी. पहाटेच्या सफरीसाठी रात्री बेटावरच राहा. कोल्लमहून साडेचारला निघून वेळ गाठण्यात झोपही जाते आणि पहाटही.

तिवरांकाठी
सामान: मागे पट्टा असलेल्या सँडल (साध्या चपला गाळात राहतात), लवकर वाळणारे लांब बाह्यांचे कपडे, जीन्स नको. टोपी, कारण आठनंतर ऊन पाण्यावरून उलटं तोंडावर येतं. सनस्क्रीन खोलीवरच लावा, ओल्या तळहातांना वल्ह्यावर घसरतं. पायावर जखम किंवा ओरखडा असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा आणि परतल्यावर साबणाने धुवा, लेप्टोची (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) शक्यता गृहीत धरून.

मोबाइल: १० लिटरची कोरडी पिशवी, तोंड किमान तीनदा गुंडाळून मग क्लिप, आणि पिशवी कयाकला बांधलेली. एसी खोलीतून थेट बाहेर आणलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते आणि नेमकी सूर्योदयालाच जात नाही. अर्धा तास आधी बंद बॅगेतच व्हरांड्यात ठेवा. वाटेत स्वच्छतागृह नसतं, चहा बेताने प्या.

आर्द्रा
ठरलं. आम्ही दोघं कयाकमध्ये, सासू-सासरे आणि मुलगा वळ्ळममध्ये. मुलगा रुसलाय. मधल्या छोट्या बैठकीवर त्याला कयाकमध्ये घेता येणारच नाही का? आणि ढग आले तर?

पाणकोळी
घेता येईल, पण पहाटे नाही. तिघांचं वजन आणि सामान मिळून कयाकच्या मर्यादेच्या आत आहे का ते विचारा. मर्यादा बहुतेक कयाकवर छापलेली असते, तिच्या पाऊणपटच धरा. मग आदल्या दिवशी पोहोचल्यावर, उजेडात, फक्त कालव्यात अर्धा तास त्याला बसवा. मध्ये बसणाऱ्याला वल्हं द्यायचं नाही, तिघांची पाती एकमेकांत अडकतात. त्याच वेळी त्याचं जॅकेट, तुमचा ताल आणि गाइड, तिन्ही तपासून होतील.

जानेवारीत ढगांनी फार बिघडत नाही, वारा पडलेला असला की पाणी तसंच शांत मिळतं. धुकं दाट असेल तर गाइड थांबवेल, घाई करू नका. गडगडाट ऐकू आला तर मात्र पाण्यात उतरायचंच नाही, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. दोन रात्री आहात, तर सफर पहिल्याच पहाटेला ठरवा आणि दुसरी राखीव ठेवा. पैसे परत मिळण्यापेक्षा 'रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी नेऊ' एवढं गाइडकडून लेखी घ्या, व्हॉट्सॅपवर चालेल.